मी पाहून राहिलो!

आमच्या गल्लीत कुणी गाडी वाकडी लावली की लगेच आकाशवाणी होते. ‘लाल शर्टवाले भाऊ, गाडी सरळ लावा. मी पाहून राहिलो!’

हा आवाज बाबारावांचा. ते एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्त झाले तरी लोकांना पुढं सरकवायची सवय काही गेली नाही. गुन्हे रोखायच्या सरकारी अनुदानातून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीला चार कॅमेरे, एक टीव्ही आणि एक भोंगा मिळाला. सुरक्षा समितीचं अध्यक्षपद कुणालाच नको होतं, बाबारावांना मात्र हवंच होतं. टीव्ही त्यांच्या बैठकीत लागला, माइक त्यांच्या हाती आला आणि गल्लीचं सुख संपलं. चोर एकही सापडला नाही. नालीत कचरा टाकताना आमची ही मात्र दोनदा सापडली.

चौथा कॅमेरा शांताबाईंच्या दारावर रोखलेला होता. त्या समोरच राहतात, एकट्या. सांडपाण्यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. बाईंनी सरळ ठाणं गाठलं. ‘हा बुढा माह्या दारावर कॅमेरा लावून बसला!’

ठाण्याचे साहेब बाबारावांच्या बैठकीत आले. समितीचा सचिव म्हणून मलाही बोलावणं आलं.

‘अनुदान रस्त्यासाठी आहे, कुणाच्या दारासाठी नाही,’ साहेब म्हणाले. ‘कॅमेरा चौकाकडं फिरवा.’

‘चोर बाईच्या दारापासूनच येते, साहेब,’ बाबाराव म्हणाले.

‘मग टीव्ही, भोंगा सगळंच ठाण्यात नेतो.’

बाबारावांनी हातातला माइक टीव्हीपाशी ठेवला. ‘मागच्या साली बाई दारातच पडली. दूधवाला येईपर्यंत पडून होती. अन् मी येथं, समोरच, पेपर वाचून राहिलो होतो. मले मालूमच नाही. आता सकाळी बाई सडा टाकाले बाहेर आली, का मंगच मी चहा पेतो.’

 तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, माइक सुरूच होता. साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. मला बाबारावांचं फार वाईट वाटलं.

नियम तो नियम. कॅमेरा फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. शांताबाई बादली घेऊन बाहेर आल्या.

‘काहून बसले येथं?’

‘मी पाहून राहिलो.’ भोंग्याशिवाय त्यांचा आवाज इतका बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी सडा टाकला. नेहमीपेक्षा जरा सावकाशच.

‘झाला सडा,’ त्या म्हणाल्या. ‘आता प्या चहा.’