सोनचाफ्याचा कूलर

झाशीत जूनमधली लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली की माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. आमच्या शेजारच्या नानांचा कूलर मात्र अंगणात असतो आणि त्याच्यासमोर एक झाड उभं असतं. नाना स्वतः ओसरीवर पंच्याने वारा घेत बसलेले. काकूंच्या खोलीत वेगळा कूलर आहे. कारण त्याग करायचा तो स्वतःचा, बायकोचा नाही, असा नानांचा नियम.

बिजौलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून इथे आलो आणि लक्ष्मी गेटपाशी नानांच्या शेजारी राहू लागलो. नानांचं घराणं कैक पिढ्या इथलंच. त्यांच्या एकाच वाक्यात 'म्यां' आणि 'भैया' सुखाने नांदतात. भाजीवाला दारात ओरडत असला तरी नाना पिशवी घेऊन उन्हातून मंडईत जातात. घरपोच आलेल्या दुधीला चव नसते, असं त्यांचं मत. स्कूटरवर सोडतो म्हटलं, तर माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहून म्हणतात, "कष्टाचं तेच आपलं, भैया. बाकी सगळं पाहुणं."

झाड सोनचाफ्याचं. काकू रत्नागिरीकडच्या, त्यांच्या माहेरच्या दारात तो होता. त्या मोठ्या साथीत दोघांनाही ताप आला. नाना खडखडीत बरे झाले, पण काकूंना वास यायचा बंद झाला तो झालाच. वरण करपून घरभर धूर झाला तरी त्या शांतपणे कोशिंबीर कालवत बसायच्या. डॉक्टरांनी ओळखीचे वास रोज घेऊन पाहायला सांगितलं. लवंग झाली, कापूर झाला, हिंग झाला. कशाचा उपयोग होईना, तेव्हा काकू एकदा सहज म्हणाल्या, "दारातला सोनचाफा असता तर आला असता कदाचित."

काकू बोलून विसरल्या. नानांनी दुसऱ्या दिवशी अंगणातली फरशी उखडली.

नर्सरीवाल्याने हात जोडून सांगितलं होतं की बाबूजी, गुलाब लावा, ही इथली हवा सोनचाफ्याची नव्हे. पहिलं रोप लूने करपलं. दुसरं वानरांनी उपटून, चावून, न आवडल्यामुळे गच्चीवर टाकून दिलं. तिसरं मी गावाहून येताना गाडीत मांडीवर धरून आणलं. नानांनी ते माझ्या हातून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं काम झालं. आता माझं."

मग नाना झाडाच्या आळ्यात उभे राहून आंघोळ करू लागले, पाणी वाया जाऊ नये म्हणून. साबण सोडला, कारण साबणाने मुळं बिघडतात. थंडीत स्वतःची रजई झाडाभोवती गुंडाळली आणि आपण दोन स्वेटर, माकडटोपी घालून झोपले. गुरसरायला सख्ख्या पुतण्याचं लग्न भर मेमध्ये निघालं, तर काकूंना पाठवलं आणि स्वतः काठी घेऊन वानरांवर पहारा करत राहिले. पुतण्या अजून रुसलेला आहे. काकू चिडायच्या. म्हणायच्या, एवढी सेवा माझी केली असती तर! नाना ऐकून घ्यायचे आणि पानं पुसायला लागायचे.

यंदा श्रावणात एका सकाळी नानांनी भिंतीवरून हाक मारली. मी गेलो तर ते धुतलेलं धोतर नेसून तयार होते. फांदीच्या टोकाला एकच फूल होतं, पिवळंधमक. त्यांनी ते हलक्या हाताने खुडलं, वाटीत ठेवलं आणि ओसरीवर बसलेल्या काकूंपुढे धरलं.

काकूंनी फूल नाकाशी नेलं, डोळे मिटले. नानांचा हात रिकाम्या वाटीसकट पुढेच राहिला होता.

"आला," काकू म्हणाल्या. "अगदी आमच्या दारातला."

नाना माझ्याकडे वळले. एखादं वचन ऐकवतील असं वाटलं, पण चहा टाकतो, असं काहीसं पुटपुटत ते स्वयंपाकघरात गेले.

ते आत जाताच काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि फूल माझ्या हातावर ठेवलं.

"कसा निघालाय रे वास?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मंद आहे की चांगला दरवळतोय? खरं सांग. मला काही कळत नाही, आणि हे आता दिवसभर विचारत बसतील."

मी म्हटलं, "दरवळतोय, काकू. अंगणात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं."

"मग झालं चीज," त्या म्हणाल्या. फूल परत घेऊन त्यांनी अंबाड्यात खोवलं आणि पदर सारखा केला. आत नाना चहासाठी आलं ठेचत होते, गरजेपेक्षा बरंच जोरात.