एकच गाणं सात वेळा

पोराची पावलं कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. अकरा महिन्यांचा हायदेर परवा चार पावलं चालला आणि आपटला. तो व्हिडिओ युरानिसच्या मोबाइलमध्ये मावेना, म्हणून तिने कॉम्प्युटरवर टाकायला घेतला. तर तिथेही जागा नाही! असणार कशी? नवऱ्याची चार हजार गाणी आत मांडी ठोकून बसलेली. नवरा, एलिएसेर, आठ महिने पनामात गवंडीकाम करत होता. त्याचा पिको, म्हणजे नाचासाठी लावायचे कपाटाएवढे रंगीत भोंगे, इकडे बारांकियाला घरी चादरीखाली झाकून पडलेला.

"आई, एकेक गाणं दोन-दोनदा आहे. जादाची काढून टाकते."

"त्याच्या गाण्यांना हात लावू नकोस गं," सासू तुलिया केळी तळता तळता म्हणाली. "तुझ्या सासऱ्याच्या तबकड्या मी एकदा धुतल्या होत्या. दोन वर्षं बोलला नाही." (तशी ती दोन वर्षं बरी गेली, असंही ती पुटपुटली.)

नावावरून ओळखायची सोय नव्हती. पिकोवाल्यांची रीतच तशी. चांगलं गाणं दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून खरं नाव पुसायचं आणि भलतंच ठेवायचं. मग युरानिसने कान लावला. पोर उठेल या धास्तीने आवाज बारीक, आणि प्रत्येकाचं पहिलं अर्धं मिनिटच. 'घोरपड', 'शेजारणीची कोंबडी', 'ओली चादर'... नावं सात, गाणं एकच! 'घोरपड' ठेवलं, सहा उडवली. कॉम्प्युटरची कचरापेटीसुद्धा रिकामी केली (स्वच्छतेची भारी हौस!). पावलं मावली.

दुपारी एलिएसेरचा फोन आला. पावलं पाहून तो रडला. मग तिने गाण्यांचं सांगितलं.

"युरा, ती सातही वेगळी होती गं."

"मला शिकवतोस? चाल तीच, ढोल तोच!"

"तिसऱ्या मिनिटाला मध्येच मी बोलतो ना. नाचात आपल्या माणसाचं नाव पुकारतात, तसं. निघायच्या आधी तुझ्यासाठी सात पुकारे भरून ठेवले होते. म्हटलं, ऐकता ऐकता एकेक सापडेल तुला."

आठ महिने त्याचा आवाज घरातच होता, आणि युरानिस कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होती.

"घोरपड राहिलंय," ती कशीबशी म्हणाली.

"ते... जरा हळू लाव हं."

हळू कशाला? तिने फोन ठेवला, चादर ओढली, भोंगे जोडले, दारं सताड उघडली. तिसऱ्या मिनिटाला सगळी गल्ली हादरली:

"युरानिस, माझ्या काळजा! तुझ्यासाठी समुद्र पोहून येईन! पण बाई गं, सूपमध्ये मीठ एकदाच घाल!"

"खरं बोलतो पोरगा!" समोरच्या गॅलरीतून शेजारीण नेल्फा ओरडली.

"बघ," सासू म्हणाली, "सहा लाडाची गेली. खरं तेवढं राहिलं."

युरानिसला काही ऐकू येत नव्हतं. भोंग्याच्या जाळीला गाल टेकवून तिने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. आपल्या नावापाशी डोळे मिटायची.

चौथ्यांदा ऐकून ती चुलीवरच्या सूपपाशी आली, मिठाची बरणी उघडली आणि तशीच उभी राहिली. मघाशी घातलं होतं का?

आठवेना. म्हणून तिने घातलं.