उत्तरं जुळवायची नाहीत

बारावीच्या फिजिक्सचा पेपर सुटला, की आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर एक उंच, वाळका माणूस भाजीची कापडी पिशवी घेऊन उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातातली प्रश्नपत्रिका काढून पिशवीत टाकतो. नवीन पालकांना वाटतं, बोर्डाचाच कुणी माणूस असेल. एकदा एका आजोबांनी त्यांना रद्दीवाला समजून भाव विचारला होता. ते आमचे जगदाळे सर. फिजिक्स शिकवतात.

ज्याचा विषय, त्याला त्या दिवशी परीक्षेच्या आवारात थारा नसतो. म्हणून सर सकाळपासून समोरच्या रसवंतीत बसून राहतात. रस घेत नाहीत, दात शिवशिवतात म्हणतात. रसवंतीवाला काही बोलत नाही, कारण त्याच्या दोन्ही मुली सरांच्या हाताखालून गेल्या आहेत. शेवटची घंटा झाली की सर उठतात आणि फाटकाशी जाऊन हात पुढे करतात.

"आण इकडं. शेवटच्या पेपरला परत मिळंल. उत्तरं जुळवायची न्हाईत. घरी जा, जेव, आन केमिस्ट्रीला बस."

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. वाईसारख्या गावात कॉलेजची स्टाफरूम केवढी असणार? आमची टेबलं शेजारी आली आणि सरांचा बराचसा स्वभाव माझ्या वाट्याला आला. एकक लावल्याशिवाय आकडा बोललेला त्यांना खपत नाही. शिपायानं "दोन आणू का?" म्हटलं, तर "दोन काय? कप, का किटल्या?" माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सर घरी चौकशीला आले. ताप किती विचारलं. मी शंभर म्हटलं. "फॅरनहाइटच ना?" असं विचारून त्यांनी खात्री करून घेतली आणि मगच खुर्चीत टेकले. दुसरं काही असतं तर नवरा एव्हाना उकळला असता, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

पेपर तपासताना तर दयामाया नाही. एकक राहिलं, अर्धा मार्क गेला. व्यासाच्या जागी त्रिज्या धरली, सगळं गणित गेलं. माझा तास त्यांच्या शेजारच्या वर्गात असला, की एखादी विरहाची कविता जरा कुठे रंगात येते आणि भिंतीपलीकडून आवाज येतो, "व्यास दिलाय का त्रिज्या, ते आधी बघ रं गड्या!" माझी मुलं खिदळतात. विरह तिथेच संपतो.

पिशवीबद्दल स्टाफरूममध्ये नाना तर्क होते. दुसऱ्या विषयांचे सर लोक पेपर सुटल्यावर मुलांना घेऊन रसवंतीत बसतात, फटाफट उत्तरं सांगतात, वाहवा मिळवतात. हे मात्र मुलांना हुसकावून लावतात. कुणी म्हणे, सरांनाच पेपर सुटत नसेल. कुणी म्हणे, सरांचा पोर्शन अर्धा राहतो, म्हणून पुरावाच गोळा करून नेतात. सरांच्या कानावर हे सगळं जात असावं. पण ते कधी खुलासा करायच्या भानगडीत पडले नाहीत.

यंदा मात्र पिशवीचा उपयोग झाला नाही. आमच्याकडे ओंकार नावाचा एक हुशार मुलगा आहे. त्याला प्रश्नपत्रिका लागतच नाही, आकड्यांसकट सगळं पाठ असतं. सर फाटकाशी पिशवी भरत होते आणि इकडे रसवंतीच्या मागे ओंकारनं दरबार भरवला. मी तिथून जात होते, तर त्या घोळक्यातून रडण्याचा आवाज आला. ती कोमल होती. वरच्या बाजूच्या एका वाडीवरची मुलगी, घरात सायन्स घेतलेली पहिलीच. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं.

बारीक नळीत पाणी किती वर चढेल, असं काहीतरी गणित होतं. ओंकारचं उत्तर सहा आलं होतं, कोमलचं तीन. तिथून पुढं तिला आपली बाकीची उत्तरंही चुकलेलीच वाटायला लागली.

"माझं गेलं सगळं. मी केमिस्ट्रीला येत नाही," ती म्हणाली.

तिचे वडील मोटरसायकल लावून तिच्याजवळ आले होते. माणूस अगदी प्रेमळ. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रडू नगंस. न्हाई जमत तर न्हाई. घरला काय काम कमी हाय व्हय?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या मायेनं पोरगी गाडीवर मागे बसली असती, ती पुन्हा कॉलेजात दिसली नसती.

तेवढ्यात सर आले. काय झालं ते ऐकून घेतलं. मी मनात म्हटलं, संपलं आता. हा माणूस अर्ध्या मार्कासाठी कुणाला सोडत नाही.

"तुझं किती आलं, कोमल?"

"तीन."

"तीन काय?"

"सेंटिमीटर."

"बरोबर हाय."

ओंकार चपापला. "सर, माझं सहा आलंय."

"तुझंबी बरोबर हाय."

"एकाच नळीत, सर?"

"नळी सरळ धरली तर तुझं, तिरकी धरली तर हिचं. कशी धरायची ते सांगितलंय का पेपरात? न्हाई ना? मग दोघांनाबी मार्क." आणि कोमलच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "आवं, पोरीचा पेपर चांगला गेलाय. केमिस्ट्रीला येळंवर आणून सोडा."

वडिलांनी हात जोडले. कोमलनं ओढणीनं तोंड पुसलं. ओंकार तेवढा बोटानं हवेत नळी वाकडी करून बघत राहिला.

केमिस्ट्रीच्या दिवशी सरांना आतली ड्यूटी होती. तरी फाटक बंद व्हायची वेळ येईपर्यंत ते बाहेरच रेंगाळत होते. शेवटी ती मोटरसायकल आली. सरांनी कोमलकडे पाहिलंसुद्धा नाही, भराभर आत निघून गेले.

पेपर झाल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "सर, नळी तिरकी धरली की खरंच कमी चढतं पाणी?"

"न्हाई वो. नळी कशीबी धरा, पाणी तेवढंच चढतंय. पोरीनं व्यासालाच त्रिज्या धरलंय. वर्षभर कानीकपाळी वरडलो."

"मग?"

सरांनी समोरचा कप बाजूला सारला. त्यांना एक मुलगा आहे आणि तो लहान असतानाच बायको गेली, एवढंच मला माहीत होतं.

"आमचा अजिंक्य फिजिक्सचा पेपर दिऊन घरी आला तवा लय खुशीत हुता," ते म्हणाले. "मी त्याला जेवायच्या आधी पाटावर बसवला. एक-एक प्रश्न विचारला. चुकला तिथं मार्क कापले, एकक नसंल तिथं कापले. शेवटी बेरीज करून सांगितली, की तू नापास हाईस. त्यो तसाच ताटावरनं उठला. त्येनं पुढचे पेपर दिलेच न्हाईत."

"आणि फिजिक्स?"

"फिजिक्समधी पास झाला. चांगल्या मार्कांनी. बोर्डानं माझ्यापेक्षा जास्त दिले, मॅडम."

मुलगा मिरजेला एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. त्या वर्षी घर सोडून गेला, तो अजून घरी आलेला नाही. हे सांगताना सरांचा आवाज जराही हलला नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावून टेबलावर ठेवला. पलीकडे रिंग जात होती. आम्ही दोघंही त्या फोनकडे बघत बसलो. रिंग पूर्ण वाजून बंद झाली.

"उचलत न्हाई त्यो कवाच," सर म्हणाले. "पण वाजतोय. नंबर बदललेला न्हाई बघा त्यानं अजून."