पहिला कोन असंल?

चहा समोर आला की आमचे किसननाना आधी बशीला नमस्कार करत. कपाला नाही, बशीला. "कपातला च्या फुकून फुकून मानसांची तोंडं दुखली असत्याल. मग एकाला सुचलं, वत बशीत! पहिला कोन असंल रं त्यो?" मग एक सुस्कारा, आणि मग भुर्रकन चहा.

माझं शिलाईचं दुकान काष्टीजवळच्या आमच्या गावात, चावडीसमोर. नानांचं शेत ओढ्याकाठी, पण बूड कायम माझ्या बाकड्यावर. माझ्या मशीनच्या सुईवर त्यांचा भारी जीव. हातसुईचं भोक मागं, मशीनच्या सुईचं टोकाशी. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं म्हणे गावोगाव देऊळ पाहिजे. तो जन्मला नसता तर टेलर, तू आज हातानं टाके घालत बसला असता, हे मला एक दिवसाआड ऐकावं लागे.

मी पडलो तिरका. एकदा म्हणालो, "नाना, त्याला नसतं सुचलं तर दुसऱ्याला सुचलं असतं. कुणावाचून कुणाचं अडत नाही." नाना उठले आणि शिवायला टाकलेली बंडी तशीच सोडून गेले. थंडी पडली तरी न्यायला आले नाहीत. शेवटी मीच ती घरी पोचती केली.

एवढं का झोंबलं, ते त्यांच्या अंगणात कळलं. नाना स्वतःच 'पहिला' व्हायच्या नादात होते. ज्वारीवरची पाखरं हाकायला माणूस दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर गोफण घेऊन उभा राहतो. त्याची सुटका करायला नानांनी यंत्र केलं होतं. सायकलच्या चाकाला पत्र्याची पाती. वाऱ्यानं चाक फिरलं की साखळीला बांधलेला नट तेलाच्या डब्यावर आपटायचा. यापायी घरातले डबे गेले, पोराची सायकल गेली, आणि गाव त्यांना येडा किसन म्हणू लागलं. बायकोसुद्धा ताट वाढून, न बोलता आत निघून जाई. "एकडाव काष्टीच्या बाजारात मांडतो," नाना म्हणाले, "मग पहिला कोन, ते कुनाला इचारावं लागनार न्हाई."

दुष्काळाच्या आदल्या साली, संक्रांत झाल्यावर आम्ही बाजारासाठी गाडी जुंपली. कुणी युक्ती चोरू नये म्हणून यंत्र गोधडीत गुंडाळलेलं. वेशीबाहेर वारा सुटला, गोधडी उडाली, आणि तिथनं ठणाठण सुरू! बैल बिचकून जे उधळले, की रस्त्याकडेची माणसं हातातली कामं टाकून बांधावर आली. आमचं गुपित असं वाजतगाजत काष्टीत पोचलं.

गाडी सोडून नानांनी पाती हातानं धरली. आमचा डबा गप्प झाला. ठणाठण मात्र चालूच. बैलबाजाराच्या पलीकडून येत होती.

जाऊन बघतो तर सोनईकडचा एक बुटका शेतकरी यंत्र मांडून उभा. नाव दगडू. तेच सायकलचं चाक, तीच पत्र्याची पाती, साखळी, नट, डबा. या दोघांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भोवतीची माणसं त्याला हसत होती.

'कुणावाचून अडत नाही' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नानांचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं. फार वाईट वाटलं मला.

नानांनी त्या चाकाची पाती बोटानं चाचपून पाहिली. मग हळूच विचारलं, "गावात काय म्हन्त्यात तुला?"

"येडा म्हन्त्यात," दगडू खाली बघून म्हणाला.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून त्याला नमस्कार घातला. हाताला धरून हॉटेलात नेलं. तिथं दोघं जे बोलत सुटले, वाऱ्याचं काय, पात्याचं काय, कावळा कसा फसतो आणि चिमणी कशी फसत नाही! चहा आला, पिऊन झाला, बशीला नमस्कार करायचं नाना साफ विसरले.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "टेलर, तुझंच खरं. माझ्यावाचून काय अडलं नसतं." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "पन लेका, मी एकलाच न्हवतो की रं."