मढवींचं फक्कीचं घर

मढवींच्या घरात जाताना चप्पल काढावी लागते. घराला भिंती नाहीत, छप्पर नाही आणि ते आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये आहे. पण चप्पल काढावीच लागते.

मढवी आमच्याकडे नकाशे काढतात. गरिबांना परवडतील अशी घरं शहरात किती आणि कुठे होणार, याचा आराखडा राज्याकडे पाठवावा लागतो. आमच्या विभागात नकाशे मढवींचे आणि तक्ते माझे. राज्याला आकडा हवा असतो, मी आकडा देते. इतकी सरळ गोष्ट आहे, अशी माझी समजूत होती.

मढवींना कागदावरचं घर पटत नाही. नकाशा झाला की ते चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन खाली उतरतात आणि पार्किंगमध्ये ते घर खऱ्या मापाचं आखतात. खोली, ओटा, मोरी, दार, खिडकी. मग त्यात राहून बघतात. ओट्यापाशी उभं राहून भाकऱ्या थापतात. मोरीत उकिडवे बसून कोपर कुठे आपटतं ते बघतात. एकदा आमचा शिपाई शकील वर आला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, साहब की गाडी मोरी में खडी है. मढवीसाब नहाने के लिए रुके हैं."

मढवी मूळचे भिवंडीजवळच्या वळ गावचे. गावाभोवती गोदामं उगवली, पण त्यांची बोली तीच राहिली. बोलतात मात्र इतकं हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागतं. माझ्या मानेचं दुखणं त्यातलंच आहे, असं मी डॉक्टरांना सांगितलंही. शिवाय हा माणूस कुठल्याही दारातून सरळ आत येत नाही. दार अर्धं उघडायचं, तिरकं आत सरकायचं आणि दार हाताने धरून आवाज न करता लावायचं. नवीन आलेल्या लोकांना वाटतं, काहीतरी लपवाछपवी आहे.

त्यांच्या प्रत्येक घरात खिडकीखाली अंथरुणाएवढा एक चौकोन रिकामा असतो. तिथे पाय पडला की मागून कुजबुज येते, "बाई, बगून. मानूस हाय तिथं."

"कोण माणूस?"

"रातपाळीचा."

भिवंडीत लूमवर नाहीतर मानकोलीच्या गोदामात रात्री कामाला जाणारा एक तरी माणूस घरात असतोच. तो दिवसा झोपणार कुठे, हा मढवींचा प्रश्न. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. स्पष्ट बोलणं हा माझा गुण आहे, असं मीच सगळ्यांना सांगत असते.

यंदाचा आराखडा दुसऱ्या दिवशी सकाळी जायचा होता. तक्ते तयार, गठ्ठे बांधलेले. आणि नकाशांवर सही करायची सोडून मढवी खाली फक्की टाकत बसलेले. मी तरातरा खाली गेले.

"बाई, भिंतीतून आलात," ते हळूच म्हणाले.

"मढवी, सही करा."

"दार चुकलंय. आत उगडतंय ते नेमकं त्याच्या डोक्यावर. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेऊ, मंग दार ओट्याकडं जाईल. खर्च कायपन वाढत न्हाय."

"सगळे नकाशे परत काढावे लागतील!"

"काडीन मी. आज बसतो."

"दार लागेल म्हणजे किती लागेल? लोक बघून उघडतील की!"

मढवींनी खिडकीखालच्या चौकोनाची पुसट झालेली कड फक्कीने पुन्हा आखली. मला असल्या हट्टाचा फार राग येतो. म्हटलं, एकदाचं सिद्ध करून मोकळं व्हावं. चप्पल काढली, पदर खोचला आणि भर दुपारी, पन्नाशीच्या उंबरठ्यावरची मी वैद्य मॅडम, पार्किंगमध्ये आडवी झाले. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या भराभर भरल्या. जन्ममृत्यू विभाग तर अख्खा आला असावा.

"आता उघडा तुमचं दार!" मी आडवी असतानाच हुकूम सोडला.

मला वाटलं, हवेत हात फिरवतील. पण शकीलने भंगारातलं एक खरं दार आणून ठेवलं होतं. त्याने ते फक्कीच्या बिजागरीवर उभं धरलं आणि फिरवलं.

"लगा क्या, मॅडम?"

लागलं. टेंगूळ आलं. वरून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

तशीच, पाठीला चुना माखलेली, मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता बदल नाही. दाराने काय फरक पडतो?" मी म्हटलं, "खाली या आणि पाच मिनिटं झोपा." साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, आपल्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि बदलाला मंजुरी दिली.

मढवींनी सगळी दारं फिरवली, सही केली. तोवर संध्याकाळ झाली होती. रिक्षा मिळेना, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून कामतघरला त्यांच्या घरी सोडलं. "चहा घ्या," म्हणाले. कपाळ ठणकत होतं, म्हणून मी हो म्हटलं.

एकच खोली. त्यांनी कुलूप काढलं, दार अर्धं उघडलं आणि तिरके आत सरकले. मीही मागोमाग, पोट आत घेऊन. खिडकीखाली अंथरुणाएवढी मोकळी लादी होती.

"इथे कोण झोपतं?" माझाही आवाज खाली गेला होता.

"कोन न्हाय. दादा झोपायचा. थोरला भाऊ माजा. लूमवर होता, रातपाळीला. त्यानंच शिकवलं मला."

"मग तुमचं हे हळू बोलणं त्यांच्यासाठी?"

मढवी हसले. "त्याचे कान लूमनं कदीच नेले होते. ढोल वाजवला तरी उठायचा न्हाय. ते मला उशिरा कळलं, तवर सवय लागलेली. पन दार डोक्याला लागलं की उठायचा. मंग परत झोप न्हाय. तसाच तांबड्या डोळ्यांनी ड्युटीला जायचा. एक दिवस रागावला न्हाय माज्यावर. गेल्या वर्षी गेला."

त्यांनी स्टोव्ह पेटवला. मला खुर्ची दाखवली, ती पलीकडच्या कोपऱ्यात होती.

"या ना सरळ, बाई. आता तिथं कोन न्हाय."

आणि स्वतः मात्र चहाचा कप घेऊन त्या लादीच्या कडेकडेने, भिंतीला पाठ घासत आले.

मीही तशीच गेले. भिंतीचा उरलेला चुना माझ्या साडीला लागला.

निघताना दार मी अर्धंच उघडलं. माझ्या बांध्याला ते पुरत नव्हतं. पण मी तिरकी होऊन त्यातूनच बाहेर पडले आणि दार हाताने धरून लावलं.