भरतीच्या घड्याळांची एजन्सी

मंडळी, धंद्याला अक्कल लागते असं जो म्हणतो ना, त्याला एजन्सी ही चीज ठाऊकच नाही! माल कंपनीचा, नाव कंपनीचं, पाटी कंपनीची, गिऱ्हाइकापुढं करायचं भाषणसुद्धा कंपनीनं छापून दिलेलं. आपण फक्त टोपी नीट घालायची आणि मालक व्हायचं! सन तेहतीस साली मी हे चौलात दिसेल त्याला ऐकवत सुटलो होतो. मामांच्या दुकानात तागडी धरून धरून माझा हात लांब झाला होता, हो!

"केसर, आजपासून मी सोल एजंट!" मी बायकोला सांगितलं. "चौलापासून म्हसळ्यापर्यंत गजराची घड्याळं विकणार तो एकटा रामचंद्र!"

"आणि नाही खपली तर?"

"तर इन्स्पेक्टर येऊन खोका उचलणार, एजन्सी बुडणार आणि मी परत मामांच्या दुकानात."

"मग मामांशी एवढ्यात भांडू नका."

मी सकाळीच भांडून आलो होतो.

पहिला मोर्चा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नेला. होडीचा म्होरक्या नामा तांडेल अंगणात जाळं सांधत बसला होता. मी टोपी सारखी केली आणि भाषण ठोकलं, "हे घड्याळ घ्या, गिरणीचा भोंगा कधी चुकणार नाही!"

"हितं गिरनी कुठाय?" नामानं विचारलं.

आता आली का पंचाईत! कंपनीनं बजावलं होतं, भाषणातलं अक्षर बदलायचं नाही. पण कंपनीला काय माहीत कोळीवाडा! मी म्हटलं, "भोंगा नाही तर नाही, भरती! भरती चुकणार नाही, तांडेल! पाणी चढलं की घड्याळ उठवणार!"

आतून नामाची बायको राही धावत आली. "म्हंजी याला उठवाया मना उठाया नको?"

"वैनी, तुम्ही खुशाल झोपा!"

बस्स! लग्न झाल्यापासून त्या वाड्यातली एकही बाई पुरती झोपली नव्हती. संध्याकाळपर्यंत खोका रिकामा! पैसे मात्र इन्स्पेक्टर आल्यावर, घड्याळ पसंत पडलं तर. घरोघरी मीच गजर लावून दिले आणि चौलाला परतलो तो राजासारखा.

पहिल्या दिवशी गजर आणि पाणी, दोन्ही बरोबर. दुसऱ्या दिवशी गजर थोडा आधी झाला. चारपाच दिवसांनी पाहतो तर नामा तांडेल घड्याळ काखेत मारून माझ्या दारात उभा! गुडघ्यापर्यंत चिखल.

"रामचंदर, तुझ्या घड्यालानं मना उठवला. दर्याला कोन उठवल?"

"म्हणजे?"

"होडीत बसून राह्यलो, पानीच न्हाय! सगला वाडा हसला!"

भरती रोज दोन घटका उशिरा येते, हे मला कुठं ठाऊक! मी नारळी-पोफळीच्या वाडीतला माणूस. समुद्रावर जायचो ते वारा खायला.

"पण नामादादा, तुम्हाला तर ठाऊक होतं!"

"मना ठाऊक हाय रं! पन मुंबईचं यंत्र, त्याला आपल्यापरीस जास्ती कलत असंल, असं वाटलं!"

कपाळ माझं! इन्स्पेक्टर यायचा होता. मी वचन देऊन बसलो, रोज संध्याकाळी येऊन घरोघरी गजर पुढं सरकवीन. पण प्रत्येक घड्याळाची चाल निराळी! एक वाजून थांबतं तोवर दुसरं सुरू. कुत्री भुंकायची, पोरं रडायची. भागुबाईचं घड्याळ तर मासळीच्या लिलावात टोपलीतच वाजलं आणि बोली तिथंच मोडली! शेवटी राहीनं आपलं घड्याळ गोधडीत गुंडाळून तांदळाच्या मडक्यात कोंबलं.

"नायतरी रोज येतोस," ती म्हणाली. "त्यापरीस भरतीच्या आधी येऊन दार वाजव!"

"वाजवीन वैनी, पण इन्स्पेक्टर येईपर्यंत घड्याळं ठेवून घ्या!"

आणि मालक व्हायला निघालेला मी रोज दारं बडवत हिंडायला लागलो. संध्याकाळी नामा वेळ सांगायचा आणि पहाटे केसर मला हलवून हलवून उठवायची.

अखेर इन्स्पेक्टर आला. कोट, बूट, हातात छत्री. सरळ राहीच्या अंगणात. "काय बाई, घड्याळ कसं काय?"

मी त्याच्या पाठीमागून हात जोडले, डोळे मिचकावले, तोंडावर बोट ठेवलं. राहीनं मानही डोलावली. बाई मनाची फार चांगली, तिला माझं भलंच करायचं होतं!

"सायेब, घड्यालं घेऊन जा. पन ह्यो रामचंदर हितंच ऱ्हाऊ द्या! ह्याला चावी द्याया लागत न्हाय, कपभर च्या पाजला की चालतो!"

इन्स्पेक्टर इतका हसला की छत्री खाली पडली. मग ती उचलून त्यानं घरोघरची घड्याळं गोळा केली आणि खोकाही उचलला. एजन्सी बुडाली!

तोंड पाडून घरी आलो, तर ओसरीवर मासळीची टोपली! कोळीवाड्यातून घरटी वाटा आला होता. वर निरोप, 'उद्या पहाटे ये, इसरू नको.' केसर बोंबील साफ करत म्हणाली, "मामांकडे जायचं नाव काढू नका. हाच धंदा बरा!"

"खरंच?"

"खरंच! पण राहीवैनी झोपणार आणि तुम्हाला उठवायला मी उठणार, हे चालायचं नाही हां!"

तसाच धक्क्यावर पळालो. बोट सुटायच्या आत इन्स्पेक्टरला गाठलं. चौलापासून म्हसळ्यापर्यंत कंपनीचं एकच घड्याळ खपलं, मंडळी, आणि ते मीच विकत घेतलं!