व्याह्यांनी ‘तू’ म्हणावं म्हणून

तीस वर्षं स्की खेळलेल्या माणसाला डोंगर चढायचा कसला आलाय धडा? रोमुआल्डचं मत अगदी ठाम होतं. उतरणं ही कला, चढणं हे बैलाचं काम. आणि बैलाचं काम करायला तर दोरावरून वर नेणारी लिफ्ट असते! क्राकूव शहरातल्या आपल्या दातांच्या दवाखान्यात पेशंटचा जबडा उघडा असताना तो हे हमखास ऐकवी, कारण तेव्हा कुणाला उलट बोलता येत नसे.

घोळ असा झाला, की हेच तो होणाऱ्या व्याह्यांनाही ऐकवून बसला. कास्पर तात्रा डोंगरातला, जन्मभर पायी चढून मग स्कीवर उतरणारा. “ज्यांना लिफ्ट सापडत नाही त्यांचा खेळ,” असं रोमुआल्ड पहिल्याच भेटीत हसत हसत म्हणाला. कास्पर हसला नाही. तेव्हापासून जे ‘आपण’ आणि ‘साहेब’ सुरू झालं ते थांबेचना. तिकडे हातात हात गुंफून दारूचा एकेक घोट घेतला की ‘आपण’चं ‘तू’ होतं. पण पेला पुढे करायचा मान वयाने मोठ्याचा. कास्पर मोठा. रोमुआल्डच्या लेकीचा आणि कास्परच्या मुलाचा साखरपुडा झाला, नाताळ गेला, पेला काही पुढे येईना.

“लग्नात तुम्ही दोघं आमच्या स्वागताला दारात पाव-मीठ घेऊन उभे राहणार आणि कोर्टातल्या वकिलांसारखे बोलणार,” कालिना म्हणाली. बोलता बोलता लेकीचे डोळे भरून आले. झालं, रोमुआल्ड विरघळला. रविवारी व्याह्यांबरोबर डोंगर चढायचा, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कालिनाने भाड्याने स्की आणून दिल्या आणि बजावलं, की बाबा, यांना हात लावू नका, आहेत तशा न्या. आचाऱ्याला फोडणी देऊ नकोस म्हणण्यातलाच हा प्रकार! मेण लावल्याशिवाय रोमुआल्ड उभ्या आयुष्यात बर्फावर गेला नव्हता. शनिवारी लेकीची पाठ वळताच त्याने इस्त्री तापवली आणि स्कींच्या तळांना असं झकास मेण चोपडलं, की त्यात बघून दाढी करावी.

आता, चढताना स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. केस मागे वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. तिकडे या पट्टीला सगळे ‘सील’ म्हणतात, समुद्रातल्या प्राण्यावरून. पण पट्टीचा गोंद मेणावर धरणार कसा? हे रोमुआल्डच्या गावीही नव्हतं. रविवारी गाडीपाशी त्याने पट्ट्या दाबून बसवल्या आणि आपण व्हा पुढे, मी आलोच, असं व्याह्यांना ऐटीत सांगितलं. “जशी आपली इच्छा, साहेब,” म्हणून कास्पर झाडीत दिसेनासा झाला.

पहिल्या वळणावर डावी पट्टी सुटली. ती बसवेपर्यंत उजवी. मग दोन्ही पट्ट्या शेपटासारख्या मागे, आणि रोमुआल्ड जिथून निघाला होता तिथे पुन्हा हजर! एक म्हातारी बाई कुत्र्यासकट त्याला ओलांडून गेली; कुत्रा थांबून त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. परत फिरावं असं शंभरदा मनात आलं. पण कालिनाचे डोळे आठवायचे. शेवटी त्याने विजारीचे गॅलिस काढले, कापून दोन केले आणि पट्ट्या स्कीला करकचून बांधल्या. पट्ट्या बसल्या. विजार मात्र बसेना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंबर, असा तो माथ्यावर पोचला.

खाली चहाची झोपडी, धुराडं, आणि अंगणात कास्पर. मध्ये उतार! उतार म्हणजे रोमुआल्डचं माहेर. गाठी गोठून दगड झालेल्या, कशाला सोडा? त्याने गुडघे वाकवले, छाती काढली आणि झेप घेतली. केसाळ पट्ट्यांनी आणि त्यांच्यावरून आवळलेल्या गॅलिसांनी बर्फ धरला. स्की थांबल्या, रोमुआल्ड थांबला नाही. कोलांट्या घेत तो झोपडीच्या अंगणाजवळ येऊन डोक्यापासून कंबरेपर्यंत बर्फात रुतला. विजार गुडघ्यांवर.

कास्पर धावत आला. “अरे ए गाढवा, पट्ट्या न काढता कोण उतरतं रे? हाडबीड मोडलं नाही ना तुझं?”

बर्फात रोमुआल्डच्या कानांनी एकेक शब्द वेचून घेतला. अरे. रे. तुझं. गाढव तर वरकमाई! त्याला इतका आनंद झाला की थंडी वाजायची थांबली. धडपडत त्याने डोकं बाहेर काढलं. “काही नाही झालं रे, कास्पर!”

कास्पर दोन पावलं मागे सरकला आणि टोपी काढून उभा राहिला. “आपण होय! क्षमा करा, साहेब. मला वाटलं, कुणी परका आहे.”

रोमुआल्डचा चेहरा पडला. पडल्याचं त्याला दुःख नव्हतं. पण हे फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते बर्फाचंच, असं त्याने स्वतःला बजावलं.

“साहेब नका ना म्हणू,” तो हळूच म्हणाला. “मघाचं ते गाढवच बरं होतं.”

कास्परने टोपी परत डोक्यावर चढवली. मग त्याच्या मिशा हलल्या. त्याने हात पुढे केला.

“बरं,” तो म्हणाला. “पण आधी विजार वर घे.”